खून आणि आत्महत्यांच्या मृत्युदराचा कल कसा काढायचा: एनसीआरबीच्या तक्त्यापासून आलेखापर्यंत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, अहवाल आला की दोन दिवसांत एक मथळा हमखास छापला जातो: 'आत्महत्यांत महाराष्ट्र अव्वल'. २०२२ मध्ये राज्यात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली आणि ती देशात सर्वाधिक होती, हे खरं. पण त्याच तक्त्यात दोन रकाने पुढे सरकलं तर दर दिसतो. महाराष्ट्राचा लाख लोकसंख्येमागे १८.१, केरळचा २८.५, सिक्कीमचा ४३.१. मथळा लिहिणारा तिथवर पोचलेलाच नसतो.

बातमीदार, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढणारी मुलं यांच्या फायली माझ्याकडे तपासायला येतात. चुका जवळपास त्याच असतात आणि त्याच जागी होतात. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. एक्सेल किंवा तसलं काही, कॅल्क्युलेटर आणि दोन निवांत संध्याकाळी एवढं पुरतं. पायऱ्यांची अदलाबदल मात्र करू नका. बहुतेक जण सहावी पायरी आधी करतात आणि मग मागे येऊन आकडे बसवत राहतात.

पायरी १: आधी कागदावर लिहा, नेमकं काय मोजायचंय

'हेतुपुरस्सर इजांमुळे झालेले मृत्यू' या शीर्षकाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. माणसाने स्वतःला केलेली इजा आणि दुसऱ्याने त्याला केलेली इजा. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पहिलीचे संकेतांक एक्स६० ते एक्स८४ आणि दुसरीचे एक्स८५ ते वाय०९ आहेत. वाय१० ते वाय३४ हा तिसरा गठ्ठा 'हेतू ठरवता आला नाही' असा आहे. पोलिसी गोळीबार आणि युद्ध त्याच्याही पुढे, वेगळे. तुमच्या कामात काय घेतलं आणि काय सोडलं, हे एका वाक्यात लिहा आणि ते वाक्य फायलीच्या पहिल्याच ओळीत चिकटवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन्हींची बेरीज करून एकच रेघ काढू नका. २०१२ मध्ये देशाचा आत्महत्येचा दर ११.२ होता आणि खुनाचा २.८. बेरीज १४.०. २०२२ मध्ये हेच आकडे १२.४ आणि २.१, बेरीज १४.५. बेरजेची रेघ पाहिली तर दहा वर्षांत फारसं काही घडलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात खुनाचा दर पाव भागाने खाली आला आणि आत्महत्येचा साधारण दहा-अकरा टक्क्यांनी चढला. दोन उलट दिशांच्या रेघांनी एकमेकींना झाकून टाकलं.

तपासा: तुमच्या फायलीत आत्महत्या आणि खून यांची दोन स्वतंत्र पानं आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

पायरी २: अहवाल गोळा करा, बातम्या नव्हे

एनसीआरबीचे दोन वार्षिक अहवाल लागतात. आत्महत्यांसाठी 'भारतातील अपघाती मृत्यू आणि आत्महत्या', खुनांसाठी 'क्राइम इन इंडिया'. दोन्ही संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. प्रत्येक वर्षाची मूळ फाइल उतरवा, नावात वर्ष टाका आणि ज्या तक्त्यातून आकडा घेतला त्याचा क्रमांक आकड्याशेजारच्या रकान्यात लिहा. आज हे कंटाळवाणं वाटेल. तीन महिन्यांनी कोणी 'हा आकडा कुठून आणला' असं विचारलं की कळेल.

बातमीतून आकडा का घेऊ नये, याचं माझ्याच हातून घडलेलं उदाहरण सांगतो. एका लेखात मी २०१२ च्या आत्महत्या १,२०,४८८ लिहिल्या, कारण एका वृत्तपत्राच्या कात्रणात तो आकडा होता. खरा एकूण आकडा १,३५,४४५. फरक कशाचा? त्या वर्षी पश्चिम बंगालने एकूण संख्या दिली, पण वय, कारण वगैरे तपशील दिला नाही. त्यामुळे तपशिलाच्या तक्त्यांची बेरीज कमी भरते, आणि कात्रणकाराने नेमकी तीच उचलली होती. माझ्या आलेखात २०१२ ला एक खड्डा पडला आणि मी त्या खड्ड्याचं 'विश्लेषण'सुद्धा करून बसलो होतो.

सावध: प्रत्येक तक्त्याखालची तळटीप वाचा. बारीक अक्षरात असते म्हणून सोडायची नाही. माझा अर्धा वेळ तिथेच जातो.

पायरी ३: अंश नीट धरा

दर म्हणजे अंश भागिले छेद. वर मृत्यू, खाली लोकसंख्या. वरच्या आकड्यात चार सापळे आहेत.

पहिला, गुन्हे आणि बळी यांची गल्लत. 'क्राइम इन इंडिया'तला खुनांचा ठळक आकडा (२०२२ मध्ये २८,५२२) गुन्ह्यांचा आहे. एका घटनेत तिघांचा जीव गेला तरी गुन्हा एकच दाखल होतो. मृत्युदर काढायचा असेल तर बळींचा रकाना घ्यायला हवा. तो शेजारीच असतो. गुन्ह्यांच्या आकड्यावरच काम करायचं असेल तरी हरकत नाही, फक्त त्याला 'खुनाच्या गुन्ह्यांचा दर' म्हणा, मृत्युदर म्हणू नका. पायरी १ मधला २.१ हा गुन्ह्यांचाच दर आहे.

दुसरा सापळा कलमांचा. खुनाच्या रकान्यात हुंडाबळी येत नाहीत. त्यांचा स्वतंत्र रकाना आहे आणि २०२२ मध्ये त्यात ६,४५० गुन्हे होते. सदोष मनुष्यवधही वेगळा. दुसऱ्या देशांशी तुलना करणारे लोक आपला २.१ उचलतात आणि तिकडच्या सर्व प्रकारच्या हत्यांच्या दराशेजारी ठेवतात. सहा हजारांवर बाया हिशेबातून गळाल्या, हे त्यांच्या गावीही नसतं. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजायचा, असा एनसीआरबीचा नियम आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ गेलं आणि १०३ आलं, हुंडाबळीचं ३०४-ब गेलं आणि ८० आलं. म्हणजे २०२४ चे आकडे जुन्या आणि नव्या कलमांत विभागलेले असणार. कलमाच्या आकड्यावरून शोधाल तर अर्धं वर्ष हरवेल. गुन्ह्याच्या नावावरून शोधा.

तिसरा सापळा वेळेचा. मारहाणीत जखमी झालेला माणूस आधी 'खुनाचा प्रयत्न' या सदरात असतो. बारा दिवसांनी दवाखान्यात दगावला की पोलीस कलमवाढ करतात. डिसेंबरअखेरची घटना असेल तर ती कुठल्या वर्षात मोजली गेली, हे बाहेरून कळत नाही. देशपातळीवर याचा फरक नगण्य. जिल्हापातळीवर काम करणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं.

चौथा सापळा सगळ्यांत खोल आहे: मुळात नोंद कशी होते. आत्महत्येची सुरुवात आत्महत्या म्हणून होत नाही. ठाण्यात आधी 'अकस्मात मृत्यू' दाखल होतो, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर त्याच्या अहवालाची वाट पाहिली जाते. मराठवाड्यातल्या एका ठाण्यात मी ते रजिस्टर उघडून बसलो होतो. 'पाय घसरून पाण्यात पडून' अशा ओळी एकाखाली एक. हवालदार म्हणाला, "साहेब, घरच्यांनी जो जबाब दिला तो लिहिला. आम्ही काय तिथं उभे होतो?" घरच्यांचीही अडचण असते. गावात बोभाटा नको असतो, धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं, आणि अपघात विम्याच्या पैशात आत्महत्या बसत नाही. अशा किती ओळी आत्महत्यांच्या तक्त्यात पोचल्याच नाहीत, ते पायरी ८ मध्ये पाहू.

तपासा: पुरुष + स्त्रिया + तृतीयपंथी = एकूण, हे दरवर्षी जुळवा. २०२२ साठी १,२२,७२४ + ४८,१७२ + २८ = १,७०,९२४. जुळलं नाही तर टंकताना तुमची चूक झाली असेल, किंवा तळटिपेत काहीतरी दडलंय.

पायरी ४: छेद कुठला?

२०११ नंतर आपल्याकडे जनगणना झालेली नाही. पुढचीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तोवर प्रत्येक वर्षाची लोकसंख्या हा अंदाज आहे. एनसीआरबी वर्षाच्या मध्याची अंदाजित लोकसंख्या वापरतं आणि ती तक्त्यातच छापतं.

करून पाहा. २०२१ मध्ये १,६४,०३३ आत्महत्या, लोकसंख्या साधारण १३६.७ कोटी, म्हणजे १३,६७० लाख. भागाकार १२.०. अहवालातला दरही १२.० आहे, म्हणजे हात बरोबर बसला. आता तोच अंश २०११ च्या १२१ कोटींनी भागा: १३.६ येतो. दीड अंकाचा फरक निव्वळ चुकीच्या छेदामुळे, आणि देशाच्या आकड्यात दीड अंक म्हणजे वीस हजार माणसं. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही चूक मला सर्वाधिक दिसते, कारण २०११ चा आकडा सगळ्यांना पाठ असतो.

शहरांबाबत जास्तच जपा. महानगरांच्या तक्त्यात छेद २०११ च्या जनगणनेचा असतो, अंश मात्र चालू वर्षाचा. वाढत्या शहराचा दर त्यामुळे आपोआप फुगतो. दुसरी भानगड हद्दीची. २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी होती आणि ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून नागरी समूहाची १.८४ कोटी. अंश मुंबई पोलिसांच्या हद्दीचा आणि छेद अख्ख्या समूहाचा घेतला तर दर बसल्या जागी एक तृतीयांशाने उतरतो. वर पोलीस आयुक्तालय असेल तर खालीही त्याच हद्दीतली माणसं हवीत.

सावध: शहराचा दर आणि राज्याचा दर एका आलेखात ठेवू नका. त्यांचे छेद एका जातीचे नाहीत.

पायरी ५: मालिका कुठे तुटते ते खुणा करून ठेवा

आलेख काढण्याआधी वर्षांच्या रकान्याशेजारी एक रिकामा रकाना ठेवा: 'काय बदललं?' त्यात किमान एवढं यायला हवं.

२०१४: आत्महत्यांच्या अहवालाची जवळजवळ सगळी मांडणी बदलली. वयोगट आधी १५–२९, ३०–४४ असे होते, ते १८–३०, ३०–४५ असे झाले. तरुणांच्या आत्महत्यांची २०१० ते २०२२ अशी सलग रेघ काढता येत नाही. काढलेली दिसली तर काढणाऱ्याने गट जोडून टाकलेत असं समजा. व्यवसायांमध्ये रोजंदारी कामगारांचा वेगळा गट आला. त्याआधीच्या वर्षांत ते तक्त्यात दिसत नाहीत, याचा अर्थ ते नव्हते असा नाही.

त्याच वर्षी शेतकऱ्यांचा रकाना फुटला. २०१३ मध्ये शेतीशी निगडित आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ मध्ये 'शेतकरी' या रकान्यात ५,६५० उरल्या. वर्षभरात निम्म्याहून खाली, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. शेजारच्या नव्या रकान्यात शेतमजूर होते: ६,७१०. दोन्ही मिळून १२,३६०, म्हणजे आकडा वाढलाच होता. मालिका जोडायची तर दोन्ही रकान्यांची बेरीजच घ्या. आणि विदर्भ-मराठवाड्याच्या बातम्यांत येणारा विभागीय आयुक्तालयाचा आकडा यात मिसळू नका. तो महसूल खात्याचा, मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवण्यासाठीचा असतो. सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा बघून प्रकरण पात्र ठरतं. पोलिसांची मोजणी वेगळ्या कारणासाठी असते, म्हणून दोन्ही आकडे कधी जुळत नाहीत आणि जुळायचंही कारण नाही.

हद्दींचे बदल: २ जून २०१४ ला तेलंगण, ३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख वेगळे झाले. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले. देशाच्या बेरजेला याने धक्का लागत नाही. राज्यांच्या क्रमवारीला लागतो.

पायरी ६: दर काढा, मग रेघ

आता कुठे आलेख. दर एक दशांशापर्यंत पुरे. दोन-तीन दशांश लिहिल्याने अचूकता वाढत नाही, नुसता आव वाढतो.

सुरुवातीचं वर्ष निवडताना हात स्वच्छ ठेवा. आत्महत्येचा दर २०१० मध्ये ११.४ होता, २०१७ मध्ये ९.९ पर्यंत उतरला, २०२२ मध्ये १२.४ झाला. २०१७ पासून मोजलं तर २५ टक्के वाढ. २०१० पासून मोजलं तर ९ टक्के. २०१० ते २०१७ एवढंच दाखवलं तर १३ टक्के घट! तिन्ही विधानं खरी आहेत. एकच वर्षजोडी देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. उपलब्ध सगळी वर्षं दाखवा आणि वळण कुठे आलं ते शब्दांत सांगा. संख्या आणि दर यांतली दरीही इथेच दिसते. २०१० च्या १,३४,५९९ वरून २०२२ च्या १,७०,९२४ पर्यंत संख्या २७ टक्क्यांनी वाढली, दर मात्र ९ टक्क्यांनी. उरलेली वाढ वाढत्या लोकसंख्येची.

सावध: हिस्सा म्हणजे दर नव्हे. २०२१ च्या आत्महत्यांत २५.६ टक्के रोजंदारी कामगार होते. यावरून 'त्यांच्यात धोका सर्वाधिक' म्हणता येत नाही, कारण देशात रोजंदारी कामगार किती, हा छेद अहवालात नाही. उलट महाराष्ट्राबाबत तुलना जमते. आत्महत्यांत वाटा १३.३ टक्के, लोकसंख्येत साधारण ९. वाटा लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा मोठा आहे, एवढं ठामपणे लिहा.

लहान आकड्यांचं एक वेगळं दुखणं. सिक्कीमची लोकसंख्या सात लाखांच्या आत. तिथे पंधरा-वीस मृत्यू इकडे-तिकडे झाले की दर दोन-तीन अंकांनी हलतो. जिल्ह्यातल्या खुनांचं तर विचारूच नका. समजा, आठ-साडेआठ लाखांच्या जिल्ह्यात एका वर्षी ९ खून झाले आणि पुढच्या वर्षी १४. 'खुनांत ५६ टक्के वाढ' असा मथळा तयारच असतो. घरगुती कसोटी अशी: संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्याच्या दुप्पट वर-खाली सोडा. ९ चं वर्गमूळ ३, म्हणून ३ ते १५ ही नुसत्या योगायोगाची पट्टी. १४ त्यात आरामात बसतात. अशा ठिकाणी तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या किंवा गप्प बसा.

पायरी ७: वयाचा हिशेब

दोन राज्यांची किंवा दूरच्या दोन काळांची तुलना असेल तरच ही पायरी. केरळमध्ये म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त, बिहारमध्ये मुलांचं. लहान मुलांमध्ये आत्महत्या विरळ, त्यामुळे मुलं जास्त असलेल्या राज्याचा ढोबळ दर (वय न बघता काढलेला) आपोआप कमी येतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढा, एका ठरावीक प्रमाणित लोकसंख्येतल्या त्या गटाच्या वाट्याने गुणा आणि बेरीज करा. दोन्ही राज्यांना तीच प्रमाणित लोकसंख्या. जागतिक आरोग्य संघटनेचे तुलनेसाठीचे दर असेच प्रमाणित असतात, म्हणून त्यांचा आकडा आणि एनसीआरबीचा ढोबळ दर शेजारी ठेवू नका.

पायरी ८: दुसऱ्या झऱ्याचं पाणी चाखा, पण मिसळू नका

पोलिसी आकडे किती कमी भरतात, याची कल्पना असायला हवी. घरोघर जाऊन मृत्यूची कहाणी विचारणाऱ्या 'मिलियन डेथ स्टडी'चा २०१० साठीचा अंदाज साधारण १,८७,००० आत्महत्या. एनसीआरबीकडे १,३४,५९९. जागतिक रोगभार अभ्यासाचा २०१६ साठीचा अंदाज २,३०,३१४, एनसीआरबीकडे १,३१,००८. वैद्यकीय कारणासह मृत्यूनोंद हा तिसरा मार्ग. पण देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी पाव भागालाही डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण नसतं. गोव्यात जवळपास सगळ्यांना असतं. तिथे काम करत असाल तर हा मार्ग जरूर चोखाळा.

यातून हाती येणारा धडा मर्यादित आहे. पातळी कुठली खरी, हे एनसीआरबीवरून ठरवू नका. दिशा पाहायला ती मालिका चालते, तीही नोंदीची पद्धत बदलली नसेल तर. बिहारचा २०२२ चा दर ०.६ आहे, म्हणजे केरळच्या जवळपास पन्नासाव्या भागाइतका. तिथली माणसं केरळातल्या माणसांपेक्षा पन्नास पटींनी सुखी आहेत असं मानायला मी तयार नाही. नोंद तपासायला जाईन.

तपासा: एका रेघेवरचे सगळे बिंदू एकाच स्रोताचे आहेत का? २०१५ पर्यंत एक आणि पुढे दुसरा, असं जोडकाम निघालं तर रेघ पुसा.

पायरी ९: लिहिताना

कारणांचा तक्ता जपून वापरा. 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के, 'आजारपण' १८.४ टक्के हे २०२२ चे आकडे पोलिसांनी प्रत्येक प्रकरणाला एक कारण लावून आलेले आहेत. कर्ज, दारू आणि घरातली भांडणं एकाच घरात नांदत असतात, तक्त्यात त्यातलं एकच उमटतं. 'पोलिसांच्या नोंदीनुसार' हे दोन शब्द गाळू नका.

आत्महत्येची पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर आकडेवारीच्या लेखात आणायचं काहीच कारण नाही. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. मथळ्यात 'उच्चांक', 'अव्वल', 'राजधानी' असले शर्यतीचे शब्द नकोत. लेखाच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. छापण्याआधी एकदा स्वतः फिरवून पाहा. एका मसुद्यात मला शेवटचे दोन अंक उलटे टंकलेले सापडले होते.

फाइल बंद करताना अहवाल उतरवल्याची तारीख पहिल्या ओळीत टाका. नवा अहवाल आला की जुन्या ओळींना हात लावू नका. नवीन वर्षाची ओळ जोडा, 'काय बदललं?' हा रकाना आधी भरा आणि मगच दराचं सूत्र खाली ओढा.